‘तालीम’ : शिक्षण की आखाडा?

अनुवादिनी : लखनौच्या फिरंगी महाल या जुन्या इस्लामी विद्याकेंद्राविषयीचा एक उर्दू लेख मी मराठीत आणत आहे. ‘मदरसे की तालीम’ याचे मी ‘मदरशातील तालीम’ असे केले, तेव्हा माझ्या मामेभावाने मनापासून विचारले, “तिथे कुस्तीही शिकवत होते का?” ‘धर्मशिक्षण’ लिहिले तर चालेल का?

घाटमाथा : अवश्य लिहावे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवकाळातच सिद्ध झाला, मग आपण उसने शब्द का वागवावेत? शिवाय आखाड्यातील ‘तालीम’ वेगळी असून ती ‘ताल’वरून आली असावी, कारण जोरबैठका तालातच निघतात.

दख्खनी वाचक : ही व्युत्पत्ती पटत नाही. इल्म (ज्ञान), आलिम (विद्वान), उलेमा (विद्वज्जन) आणि तालीम हे सारे एकाच अरबी धातूचे आहेत, आणि तालमीतला ‘वस्ताद’ हाही फारसी ‘उस्ताद’च आहे. ‘धर्मशिक्षण’ हा शब्द तर अर्थच आक्रसतो. फिरंगी महालाच्या मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने चालत आलेल्या दर्स-ए-निजामी या अभ्यासक्रमात मंतिक (तर्कशास्त्र), तत्त्वज्ञान आणि गणितही होते. १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाने तोच अभ्यासक्रम घेतला, पण भर हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचनांवर आणि आचरणाच्या परंपरांवर, दिला.

दापोलीकर : आमच्या गावी मदरसा म्हणजे शाळेआधीचा मशिदीतला तासभर. रिहलवर, म्हणजे लाकडी घडवंचीवर, ‘कायदा’ उघडायचा, अलिफ-बेवर बोट ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे. सकाळी काय केलेस, असे शाळेतल्या बाईंनी विचारल्यावर मी “कायदा शिकलो” म्हणालो, तेव्हा त्यांना वाटले की मला वकील व्हायचे आहे. आमचा कायदा म्हणजे अंकलिपी!

घाटमाथा : मग तो मकतब, म्हणजे लिहायला-वाचायला शिकवणारी प्राथमिक शाळा झाला, मदरसा नव्हे. किताब, कातिब, मकतब हे लिहिण्याचे शब्द. दर्स (पाठ), मुदर्रिस (शिक्षक), मदरसा हे पाठाचे. म्हणूनच माझा ‘पाठशाळा’ हा शब्द अगदी नेमका बसतो.

दख्खनी वाचक : धातूपुरता बसतो. परंतु बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये बिदरला उभारलेली मदरशाची तीन मजली वास्तू, जिच्या उरलेल्या मिनारावर रंगीत चकाकत्या फरशांची नागमोडी नक्षी आजही दिसते, तिला तुम्ही पाठशाळा म्हणाल का?

घाटमाथा : म्हणेन. नालंदेलाही आपण विद्यापीठ म्हणतोच.

दापोलीकर : आमच्या आजीला मात्र ‘पाठशाळा’ म्हटलेले कळले नसते. ती रोज एकच विचारायची, “मदरशाला गेलास का?”

अनुवादिनी : ‘मदरसा’ तर मी ठेवणारच होते. अडले आहे ते ‘तालीम’पाशी.