ठाणं: पत्त्यात उरलेल्या खुणा

परवा नाशिकहून भाचा आला. स्टेशनबाहेर रिक्षात बसलो आणि मी नेहमीसारखं म्हटलं, "नितीन कंपनी." रिक्षावाल्यानं मीटर टाकलं. नाक्यावर उतरल्यावर भाच्यानं चारही बाजूंना मान फिरवून विचारलं, "मामा, कंपनी कुठाय?" वर पूल, खाली सिग्नल, कडेला शोरूम. मी नुसताच हसलो. जन्मभर हा पत्ता सांगतोय, पण कंपनीत काय बनायचं ते कधी कुणाला विचारलंच नाही.

म्हणून हा धागा. ठाण्याबद्दल लिहायला बसलं की जो तो १८५३ सालच्या बोरीबंदर-ठाणे गाडीपासून सुरुवात करतो. ती आपण सोडून देऊ, तिचं पुरेसं कौतुक झालंय. तुमच्या गल्लीतलं, नाक्यावरचं काय गेलं ते लिहा. एकच गोष्ट लिहा, पण नीट लिहा. "आमच्या वेळी ठाणं किती शांत होतं" हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ते नको.

निवृत्त कंडक्टर, कळवा

टीएमटी, म्हणजे ठाणे महापालिकेची बससेवा, १९८९ ला सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांनी मी लागलो. कॅडबरी, नितीन कंपनी, गोल्डन डाईज, माजिवडा... स्टॉपची नावं पहिल्या आठवड्यातच तोंडात बसली. तेव्हा नाव पुकारायचीही फारशी गरज नसायची. पाळी सुटली की कोणत्या स्टॉपवर कोणत्या रंगाचे गणवेश उभे असणार हे ठरलेलं. पुढे त्याच स्टॉपवर लॅपटॉपच्या बॅगा पाठीला लावून पोरं चढायला लागली. तिकीट मात्र तेच, "एक गोल्डन डाईज."

एकदा एका मुलीनं उतरता उतरता विचारलं, "काका, तीन हात नाक्याचे तीन हात कोणाचे हो?" मी काही बोलायच्या आत मागून एक बाई म्हणाल्या, "एक टीएमटीचा, एक रिक्षाचा, एक खिसेकापूचा." अख्खी बस हसली. त्या दिवशी घरी गेलो तर माझंच पाकीट गेलेलं.

चेंदणी कोळीवाडा (आजी सांगतेय, मी टाइप करतेय)

आमच्या पूर्वेला मीठबंदर रोड आहे. त्या रस्त्यावर आता मीठ मिळतं ते किराण्याच्या दुकानात. आजीला मिठागरं आठवतात. पावसाळ्याआधी मिठाच्या राशी गवतानं शाकारून ठेवायचे. लहानपणी तिला वाटायचं, ती कुणाची तरी बुटकी घरंच आहेत.

ओहोटी लागली की बाया चिखलात उतरायच्या. निवट्या, म्हणजे चिखलात बीळ करून राहणारे मासे, धरायला अंदाज लागतो, असं ती म्हणते. निवट्याच्या बिळाला दुसरं तोंड असतं. ते आधी हुडकायचं, तिथं डावा हात आडवा धरायचा आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालायचा. घाई केली तर हातात नुसता चिखल येतो. हे सांगताना आजी सोफ्यावर बसल्या बसल्या उशीखाली हात घालून दाखवते. आता खाडीत हात घातला तर आधी प्लास्टिकची पिशवी लागते.

आणखी एक लिही म्हणाली. रेल्वेनं आमच्या गावाच्या दोन फाका केल्या, अर्धा कोळीवाडा पूर्वेला, अर्धा पश्चिमेला. हळदीला जायचं तरी पूल चढायचा. "हे कुनी लिवत नाय," असं तिचं म्हणणं.

नौपाडा

आमचं घर दोन मजली, वीस बिऱ्हाडांचं, मागच्या अंगणात विहीर. नळ आल्यावर विहिरीचं पाणी फक्त भांड्यांना आणि गणपतीच्या दिवसांत अंगण धुवायला. रहाटाची कप्पी करकरायची, तिला खोबरेल तेल घालायचं काम माझ्याकडे. विहिरीत एक कासव होतं. ते कुणी सोडलं यावर दोन बिऱ्हाडांत तीस वर्षं वाद होता.

रिडेव्हलपमेंट ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, हे आधी सांगतो. जिना हलत होता, संडास सामाईक होता, आईचे गुडघे गेले होते. नंतर रडणाऱ्यांत मीही आहे, पण सही करताना माझा हात थरथरला नव्हता. बिल्डरनं दोन वर्षं सांगितली आणि सहा लावली. भाडं मध्येच थांबलं, त्यावर वेगळा धागा निघेल.

विहीर बुजवायच्या दिवशी मी रजा टाकली. राडारोडा भरलेला ट्रक मागे मागे येत होता आणि सामंतकाकू त्याच्यासमोर उभ्या. "आधी कासव काढा." मुकादम वैतागला, पण काकू हलेनात. शेवटी एक मजूर दोर बांधून उतरला आणि अर्ध्या तासानं घमेल्यातून कासव वर आलं. पाठीवर शेवाळ, आकार पराती एवढा. इतकी वर्षं आम्ही त्याला वरून पाहिलं होतं, बशीएवढं. रिक्षात दोघांच्या मध्ये घमेलं ठेवून कचराळी तलावावर नेलं. काठावर ठेवलं तर बराच वेळ मान बाहेर काढेना. मग एकदम सरकलं आणि गेलं.

विहिरीच्या जागी आता पोडियमचं पार्किंग आहे. माझी गाडी साधारण रहाटाच्या जागेवर लागते.

वर्तकनगर

रेमंडबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. १९२५ सालची गिरणी, २००९ मध्ये बंद झाली. वडील मागखात्यात होते. त्यांच्या अंगाला लोकरीचा एक वास असायचा, पावसाळ्यात जास्त. घरातली प्रत्येक शाळेची पँट कटपिसाची, त्यामुळे आम्हा तिघा भावांच्या पँटी तीन छटांच्या करड्या. गणवेशाचा रंग जुळत नाही म्हणून मास्तरांनी मला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं. आता त्या जमिनीवर टॉवर आहेत. धाकट्या भावानं तिथे फ्लॅट बघितला, किंमत ऐकून परत आला. वडिलांना सांगितलंच नाही.

बाळकुम

सगळ्यांचं वाचलं. माझं जरा वेगळं आहे, राग मानू नका. आमच्याकडच्या कंपन्या गेल्या त्याचं मला काडीचं दुःख नाही. रात्री वारा फिरला की डोळे चुरचुरायचे. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर बारीक ठिपके पडायचे, धुऊन न जाणारे. आई साडी उचलून बघायची आणि वाऱ्याला शिव्या द्यायची, कारण कंपनीला शिव्या देऊन चालणार नव्हतं, बाबा तिथेच होते. नाक्याला त्या कंपन्यांची नावं राहिली तर राहू देत, वास गेला ते उत्तम झालं.

घोडबंदर रोड, मानपाड्याच्या पुढे

१९९९ ला इथे फ्लॅट घेतला तेव्हा सासरे म्हणाले, "मुलीला जंगलात नेताय." खरंच जंगल होतं. संध्याकाळी येऊरच्या डोंगरामागे सूर्य गेला की रस्ता काळाकुट्ट, आणि वॉचमन बिबट्याच्या गोष्टी सांगायचा. त्यातल्या निम्म्या खऱ्या असाव्यात.

जुने ठाणेकर आमच्याकडे "तुम्ही आलात आणि ठाणं बिघडलं" अशा नजरेनं बघतात. १९९१ च्या जनगणनेत ठाणं शहर ८ लाखांचं होतं, २०११ ला १८ लाखांच्या वर गेलं. हे वाढलेले दहा लाख काय तलावपाळीच्या कट्ट्यावर बसवायचे होते? ते आमच्याकडे आले, टँकरचं पाणी पिऊन राहिले. माझी हरवलेली खूण म्हणाल तर गॅलरीतून दिसणारा डोंगर. आधी पूर्ण दिसायचा, मग दोन इमारतींच्या फटीतून, आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी केली तर शेंडा. मेट्रो ४ चे खांब उभे राहिल्यावर रस्त्यावरूनही तो तुकड्या-तुकड्यांनीच दिसतो. कासारवडवलीपर्यंत मेट्रो येणार म्हणून मी खूश आहे, तेही लिहून ठेवतो.

पारसिक, कळवा

रेतीबंदर. नावात रेती आहे, नावात बंदर आहे. बाकी तुम्ही येऊन बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. नौपाडाकर, ते कासव कचराळीला आता आहे का हो? आणि कंडक्टरकाका, एक राहिलंच. कापूरबावडीची बावडी तुम्ही कधी पाहिलीत?

निवृत्त कंडक्टर, कळवा

रोज आठ फेऱ्या व्हायच्या त्या नाक्यावरून. बावडी कधी पाहिली नाही. आवाज मात्र रोज दिला.

नौपाडा

कासवाला बघायला दोन-तीनदा गेलो होतो. तलावात कासवं बरीच आहेत. आमचं कोणतं ते ओळखता येत नाही.