रडलात म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही हो!

नेरूळची मामी
परवा 'तलावपाळी' या नावाने लिहिणाऱ्यांनी या चर्चेच्या पानावर वर्षभरात पाहिलेल्या मराठी सिनेमांचे दोन-दोन ओळींत निकाल लावले. वाचलं नसेल त्यांच्यासाठी: 'दशावतार' म्हणजे "मुखवटा सुरेख, आत पोकळ". 'आता थांबायचं नाय' म्हणजे "चांगुलपणाचं सरबत, साखर जास्त". आणि 'साबर बोंडं' म्हणजे "यंदाचा एकमेव सिनेमा, बाकी सगळ्या मालिका". इथवर ठीक. ज्याचा त्याचा चष्मा. पण शेवटी काय, तर "शेजारच्या काकूंनी रुमाल काढला तेव्हाच कळलं, लेखकाकडचं सामान संपलं."

तर ती काकू मी. तुमच्या शेजारी बसलेली नसेन, पण रुमाल माझ्याही हातात होता.

'दशावतार'ला सासूबाईंना घेऊन गेले होते. वय ८२, माहेर सिंधुदुर्गातल्या परुळ्याचं. गुडघ्यांमुळे नऊ वर्षांत थेटराचं तोंड बघितलं नव्हतं. सरकत्या जिन्याला घाबरतात, म्हणून लिफ्ट शोधण्यात सुरुवातीची पाच मिनिटं गेली. आत जाऊन बसलो, पडद्यावर दशावतारी नट बाबुली रंग लावताना दिसला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "ह्यो खंयचो गो?" म्हटलं, आई, आपले टिपऱ्यांचे आबा, दिलीप प्रभावळकर. म्हणाल्या, "नाय गो, माका आमचे दाजी दिसले." दाजी म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. स्त्रीपार्टी करायचे. जत्रेच्या दुपारी मिशी भादरायची, रात्रभर द्रौपदी, आणि सकाळी तसंच बिनमिशीचं तोंड घेऊन गुरांना पाणी दाखवायला जायचं. हे मला लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर त्या अंधारात कळलं. मग त्या रडल्या आणि त्यांना बघून मी. लेखकाचं सामान संपलं की उरलं, याची चौकशी करायची शुद्ध आम्हा दोघींना नव्हती.

कुणी कशाला रडावं याची पावती तुमच्याकडून घ्यायची का आता?

तलावपाळी
मामी, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. त्या दाजींसाठी रडल्या. त्यात दिग्दर्शकाचं काय? दाजींचा जुना फोटो दाखवला असता तरी रडल्या असत्या, आणि तिकीट वाचलं असतं.

प्रभावळकरांबद्दल मी एक अक्षर वाकडं लिहिलेलं नाही. ८१ व्या वर्षी तो माणूस जे करतो ते बघून आपणच दमतो. पण सगळा सिनेमा त्यांच्याच खांद्यावर बसलाय. मध्यंतरापर्यंत बाप, लेक आणि विझत चाललेली नजर, आणि नंतर एकदम सूडपट. वर पार्श्वसंगीत सांगतंय, आता रडा, आता मुठी आवळा. 'साबर बोंडं'मध्येही बाप गेलाय. मुलगा मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलाय. तिथे पार्श्वसंगीत नाहीच. रडायचं की नाही ते तुमच्यावर सोडलंय. याला मी विश्वास म्हणतो.

ऐरोली नाका
"नंतर एकदम सूडपट". धन्यवाद साहेब. रविवारची चार तिकिटं काढून ठेवलीत. आता शेवटही सांगून टाका, म्हणजे पार्किंगचे पैसे तरी वाचतील.

पायपेटी
मी कुडाळचा, सध्या खारेगावात. दोन्ही बाजूंना एकच विचारतो, तुमच्यापैकी किती जणांनी खरा दशावतार, आमच्या कोकणातल्या जत्रेतलं रात्रभराचं नाटक, बघितलाय? लोकांना वाटतं त्यात दहा अवतार येतात. तसं नसतं. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मग संकासुर येऊन पोरांना घाबरवतो. त्यानंतर आख्यान, पुराणातलं. पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढंच. आणि संहिता नसते! संध्याकाळी रंगायला बसल्यावर ठरतं आज कुठलं आख्यान आणि कोण काय करणार. वाक्यं जागेवर सुचतात, उजाडेपर्यंत. ज्या कलेला लिखित संहिताच नाही, तिच्यावरच्या सिनेमाची पटकथा पोकळ म्हणून तुम्ही रडताय.

आणि मालवणी. सिनेमा-मालिकांत मालवणी म्हणजे पुणेरी वाक्य घ्यायचं आणि शेवटी 'गो' नाहीतर 'रे' चिकटवायचं. यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही.

तलावपाळी
पायपेटी, दशावताराला संहिता लागत नाही म्हणून सिनेमाला लागत नाही? उद्या म्हणाल भजनाला तिकीट नसतं, सिनेमालाही नको.

हाफतिकीट
तुम्ही चांगलं-वाईट करत बसा. 'साबर बोंडं' बघायचा कुठे ते सांगा आधी. घोडबंदर रोडवर राहतो. आमच्या जवळच्या मॉलमध्ये एकच शो, सकाळी पावणेदहाचा, तोही कामाच्या वारी. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचं मोठं बक्षीस आणलं, तिथे दाखवला गेलेला पहिला मराठी सिनेमा, आणि ठाण्यात दाखवायची वेळ पोहे खायची.

बारावा खेळाडू
२०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा सक्तीचा केला होता ना? आधी म्हणाले संध्याकाळी ६ ते ९. त्यावर गलका झाला, वडापाव-पॉपकॉर्नवरून आठवडाभर तमाशा चालला, मग ते दुपारी १२ ते रात्री ९ करून टाकलं. म्हणजे मंगळवारी सव्वाबाराचा शो लावला की झाला प्राइम टाइम. कागद खूश, मॉल खूश.

हे आजचं नाही. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला थेटर मिळावं म्हणून दादरच्या कोहिनूरवर शिवसैनिक...

ऐरोली नाका
आला! सोंगाड्या आला! मराठी सिनेमाच्या प्रत्येक चर्चेत आठव्या प्रतिसादाच्या आत कोहिनूर येतंच. पन्नास वर्षं एकाच विजयावर जेवतोय आपण.

बारावा खेळाडू
मग खोटं आहे का? तेव्हा रस्त्यावर उतरायला कुणी होतं. आता सगळे प्रतिसाद लिहितात.

हाफतिकीट
तुम्हीपण प्रतिसादच लिहिताय.

सव्वाबाराचा शो
मी अशाच एका मल्टिप्लेक्समध्ये कामाला आहे, नाव सांगणार नाही. शुक्रवार-शनिवारी किती खुर्च्या भरल्या त्यावर सोमवारचे शो ठरतात. पहिल्या शुक्रवारी अकरा जण आले तर पुढच्या आठवड्यात पडदा दुसऱ्याला. तिकिटापेक्षा काउंटरवरच्या खाण्यात आम्हाला टक्केवारीने जास्त सुटतं. मराठी सिनेमाचे लोक डब्यातून थालीपीठ आणतात. बॅग तपासताना आम्हाला वास येतो हो.

नेरूळची मामी
माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू होते. सासूबाईंना गोळीनंतर काहीतरी खावं लागतं. काढून घेतले आणि वर सामोसा दाखवला. त्या सामोशाच्या किमतीत मी घरी पंचवीस तळते.

सव्वाबाराचा शो
मावशी, वरून ऑर्डर असते. मी असतो तर सोडले असते. बहुतेक.

हाफतिकीट
आणि मध्यंतर! त्यावर कुणी बोलत नाही. परदेशात हे सिनेमे सलग दाखवतात. इथे दोन माणसं गप्प बसलीत, लांबून वाऱ्याचा आवाज येतोय, आणि फटाक! पंख्याची जाहिरात. 'साबर बोंडं'साठी सुट्टी टाकून गेलो होतो. मध्यंतर बरोबर अशाच जागी पडलं. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "काय झालं, संपला?"

तलावपाळी
तो प्रश्न विचारणारा हा खरा विषय आहे. सामोसा नाही.

नेरूळची मामी
म्हणजे पुन्हा प्रेक्षकच वाईट! सिनेमा हळू असला तरी चूक आमची, आणि आम्ही रडलो तरी चूक आमचीच. तुम्हाला नक्की कसला प्रेक्षक हवाय ते कळू दे. पुतळा?

ठाणे पूर्व ६३
तो साबर बोंडं कुटुंबाबरोबर बघण्यासारखा आहे का? दोन पुरुषांचं तसलं काहीतरी आहे म्हणे. आपल्या संस्कृतीत बसतं का हे?

फड्या निवडुंग
काका, आयटम साँग कुटुंबासकट बघता तेव्हा संस्कृती कुठे पार्क करता?

मी सांगोल्याकडचा. आता घणसोलीत. शाळेतून येताना फड्या निवडुंगाची बोंडं, म्हणजे हीच साबर बोंडं, काढायचो. पिकलं की लालभडक. हातात धरायची सोय नसते. मोठे काटे दिसतात, त्यांची भीती नसते, खरे वाईट ते केसासारखे बारीक. चपलेखाली मातीत घोळायचं, घोळायचं, मग सोलायचं. घाई केली की जिभेला कूस लागणार आणि आई रॉकेलच्या चिमणीपाशी बसवून जीभ बाहेर काढायला लावणार. ओठ दोन दिवस रंगलेले, त्यामुळे चोरी लपत नाही. पडद्यावर एक गडी दुसऱ्यासाठी ती बोंडं घेऊन येतो, म्हणजे त्याने आधी किती काटे काढले असतील, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी पण रडलो. पार्श्वसंगीत नसताना. तलावपाळी, मी चालतो ना तुम्हाला?

तलावपाळी
तुम्ही चालता.

नेरूळची मामी
वा! सांगोल्याचा निवडुंग आठवून रडलं तर रसिक, परुळ्याचे दाजी आठवून रडलं तर काकू.

ऐरोली नाका
हे मात्र बिनतोड आहे. तलावपाळी, उत्तर द्या.

तलावपाळी
देतो. फरक एवढाच की बोंडं सिनेमात आहेत, दाजी सिनेमात नाहीत.

पायपेटी
दाजी नाहीत? अहो, सगळा सिनेमा दाजींवरच आहे! दिवसा राबून रात्री राजा होणाऱ्या म्हाताऱ्यावर! डोळे उघडे ठेवून बघितलात का मोबाइल चाळत होतात? तुमच्यासारखे लोक जत्रेत खुर्ची आणून बसतात, बारा वाजता उठून जातात आणि सकाळी सांगतात, रंगलं नाही. रंगतं दोननंतर!

तलावपाळी
वैयक्तिक होऊ नका. मोबाइल बंद होता. आणि जत्रेत मला डास चावतात, हा माझा दोष नाही.

बदली कामगार
मधेच बोलतो. सामोसा, सोंगाड्या सगळं वाचलं. मला त्या सरबताबद्दल बोलायचं आहे.

'आता थांबायचं नाय' मुंबई पालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगारांच्या खऱ्या गोष्टीवर आहे, रात्रशाळेतून दहावी झालेल्या. माझे वडील पण सफाईत होते. मुंबईत नव्हे, इकडेच. त्यांनी दहावी दिली तेव्हा ते ४४ वर्षांचे आणि मी अकरावीत. माझीच जुनी पुस्तकं वापरायचे, आणि मी समासात हिरोंची चित्रं काढलेली. बीजगणिताला बसताना आधी दोनदा साबणाने हात धुवायचे, मग वासलीन लावायचे, कारण पान उलटताना बोटांच्या भेगा कागदाला अडकायच्या. पहिल्यांदा गणितात गेले. दुसऱ्यांदा ३८ पडले. पेढे वाटले नाहीत, लाज वाटली. गुणपत्रिका रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवली, अजून तिथेच आहे.

सिनेमात साखर आहे, मान्य. माझ्या घरी त्या वर्षी एवढी गोड कुणाची जीभ नव्हती. पण मी वडिलांना घेऊन गेलो होतो. ते रडले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "यांना मास्तर बरे भेटले."

हाफतिकीट
...

फड्या निवडुंग
३८ ला सलाम.

तलावपाळी
सरबत हा शब्द मागे घेतो. सिनेमाबद्दलचं मत नाही, शब्द. काकूंची ओळही मागे घेतली असती, पण ती लोकांना आवडलीय.

नेरूळची मामी
उपकार झाले.

ठाणे पूर्व ६३
माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

ऐरोली नाका
दिलं की. पार्किंगचं विचारलं होतं तुम्हाला.

नेरूळची मामी
तलावपाळींच्या नाकावर टिच्चून काल 'साबर बोंडं' बघून आले. नवी मुंबईत वेळ जमेना, म्हणून ठाण्यात, रात्री सव्वादहाचा. एकटीच गेले. आम्ही नऊ जण होतो. परतीची ट्रान्सहार्बर लोकल मिळणार नाही म्हणून भाचा घ्यायला आला.

हळू आहे. मधे एकदा घड्याळ बघितलं, खोटं कशाला बोलू. दोन गड्यांचं म्हणाल तर मला काही खुपलं नाही, माझं लक्ष आईकडे होतं. नवरा गेलाय, पाहुण्यांचं घर भरलंय, जो तो पोराच्या लग्नाचं विचारतोय, आणि तिला पोराचं सगळं ठाऊक आहे. तरी ती तोंडावर काही आणत नाही, नुसती त्याच्या आणि लोकांच्या मधे उभी राहते. असं उभं राहायला काय लागतं ते मला माहीत आहे. कसं, ते इथे लिहिणार नाही.

रडले नाही. घरी येऊन सासूबाईंच्या खोलीतला दिवा बंद करायला गेले तेव्हा थोडी. हे कुठल्या खात्यात टाकायचं ते तुम्ही ठरवा.

'दशावतार' मला अजूनही जास्त आवडतो.

तलावपाळी
चुकीचं आहे, पण असो. मध्यंतर कुठे पडलं?

नेरूळची मामी
त्याच जागी. या वेळी जाहिरात पंख्याची नव्हती, सोन्याची होती.

सव्वाबाराचा शो
लाडू नेले होतेत का?

नेरूळची मामी
ओढणीच्या आत. चार.