मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर आप्पांची भीती

आप्पा ६४ वर्षांचे, अमळनेरजवळच्या खेड्यात राहतात. मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली. इको, टीएमटी या हृदयाच्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टर रोज चाला म्हणतात. पण ते खाटेवरून उतरत नाहीत. जरा धडधडलं की नाडी धरून बसतात. हालचाल नाही म्हणून दम कमी, दम कमी म्हणून चार पावलांत धाप, आणि धाप लागली की 'आता दुसरा झटका'! गोळ्या वेळेवर, हिमोग्लोबिन-थायरॉईडही ठीक. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) मी फोन केला. प्रत्यक्ष समुपदेशन सुचवलं. आप्पांचं एकच, 'मी काय येडा शे का?' पुण्या-मुंबईला नेणं जमणार नाही. जळगाव-धुळ्यात देखरेखीखाली हळूहळू चालवणारं कार्डियाक रिहॅब (हृदयरुग्णांचं पुनर्वसन) आहे का? आणि अहिराणीत समजावणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का?