डब्ल्यूबीसी नॉर्मल आहेत, मग नायटा जात का नाही?

सातपूरचा_शिफ्टवाला

मंडळी एक शंका आहे, कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. पावसाळा लागल्यापासून जांघेत आणि कमरेवर नायटा झालाय. बाइकवर भिजत कंपनीत जायचं, मग तीच ओली जाड पँट आणि बूट घालून पूर्ण शिफ्ट मशीनवर उभं राहायचं, होणारच म्हणा. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, लावली की दोन-चार दिवसात लाली पण गायब खाज पण गायब, आणि बंद केली की परत हजर, तेही आधीपेक्षा मोठा चट्टा. मित्र म्हणाला तुझी इम्युनिटी डाऊन झालीय, म्हणून सीबीसी म्हणजे रक्ततपासणी केली तर डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी ८२००, रेंज ४००० ते ११००० लिहिलीय, त्यातल्याच न्यूट्रोफिल नावाच्या ६२ टक्के, म्हणजे सगळं ओके. शाळेत शिकवलं होतं की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, मग एवढे सैनिक हजर असून ही बुरशी मरत का नाही? आणि दुसरं म्हणजे आईला शुगर आहे, तिलाही काखेत तसंच दिसायला लागलंय, तिचं जास्त टेन्शन आहे.

गंगेवरचा_पंत

पपईच्या पानांचा रस घे भाऊ सकाळी अनशापोटी, काउंट वाढतो. आणि रात्री हळदीचं दूध.

लॅबवाली_ताई

पंतकाका, त्याचा काउंट कमी नाहीच्चे, वाढवायचा कशाला? आणि पपईचं ते लोक डेंग्यूत प्लेटलेटसाठी घेतात, इथे काय संबंध.

शिफ्टवाले दादा, मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज स्लाइडवर ह्याच पेशी बघते म्हणून लिहिते, जरा लांबेल. सीबीसीत फक्त डोकी मोजलेली असतात, पेशी काम कसं करतायत ते त्यात दिसत नाही. काउंट खरंच महत्त्वाचा होतो तो केमोथेरपीच्या पेशंटमध्ये वगैरे, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की डॉक्टर लोक आतल्या फंगसला घाबरतात, त्यातही तसे बरेच दिवस राहिले तर जास्तच. तुमचे ८२०० चे ६२ टक्के म्हणजे पाच हजाराच्या आसपास आहेत.

आता पेशी करतात काय. बुरशीच्या पेशीभोवती भिंत असते, तिच्यात बीटा ग्लुकान नावाची साखरेची साखळी असते जी आपल्या शरीरात कुठेच नसते, आणि न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या अंगावर डेक्टिन-वन नावाचा रिसेप्टर असतो तो नेमकी तीच ओळखतो. हवेतून श्वासाबरोबर बुरशीचे बीजाणू आपण रोजच घेत असतो, तुम्ही मी सगळेच, ते फुप्फुसातले मॅक्रोफेज गिळून टाकतात आणि आपल्याला पत्ता पण लागत नाही. पण बीजाणू रुजला आणि त्याचा लांब तंतू झाला की तो एका पेशीच्या तोंडात मावतच नाही. मग न्यूट्रोफिल त्याला बाहेरूनच चिकटतात आणि ऑक्सिजनपासून बनवलेली जहाल रसायनं त्याच्यावर सोडतात. तेही पुरलं नाही तर स्वतःचा डीएनएच बाहेर फेकून त्याचं जाळं करतात, हे २००४ मध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं, आणि त्या जाळ्यात असं प्रोटीन असतं जे जस्त आणि मँगनीज धरून ठेवतं, म्हणजे कॅन्डिडासारखी बुरशी उपाशीच. काही मुलांमध्ये ती रसायनं बनवणारं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांचा काउंट चांगला असतो तरी अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी फुप्फुसात घर करते. आता कळलं ना मी काउंटवर जाऊ नका का म्हणते.

तुमचा नायटा मात्र वेगळी केस आहे. ती बुरशी बसते कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, केराटिन खाते, तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे न्यूट्रोफिलना तिथे पोचणं अवघड. तिथे मुख्य काम टी सेल्स नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं, ते खालून सिग्नल देतात, कडेला सूज येते, कातडी भराभर सुटायला लागते आणि बुरशी तिच्याबरोबर गळून जाते. तो गोल चट्टा मधून साफ आणि कडेला लाल का असतो तर लढाई कडेला चालू असते. आणि तुमच्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा आधी, क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसतंय का?

सातपूरचा_शिफ्टवाला

ताई आत्ता बघितलं, क्लोबेटासॉल आहे, बरोबर अजून दोन-तीन नावं आहेत. म्हणजे स्टेरॉईड ना हे?

लॅबवाली_ताई

हो, आणि चांगलंच स्ट्राँग. लाली आणि खाज हे तुमच्या पेशी काम करत असल्याचं लक्षण, स्टेरॉईड त्यांनाच गप्प करतं. तुम्हाला वाटतं बरं झालं, खाली बुरशी मोकळी पसरते. असल्या मिक्स ट्यूब चिठ्ठीशिवाय कशा मिळतात हा एक वेगळाच धागा होईल, मला त्यावर बोलायला लावू नका.

एचपीटी_बीएस्सी_ब्याऐंशी

लॅबवाल्या ताईंनी छान लिहिलंय. एक भर घालतो. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे जगाला पटलं त्यात बुरशीचा मोठा वाटा आहे. मेचनिकॉव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ, त्याने डॅफ्निया म्हणजे डबक्यातल्या पाण्यात असतो तो बारीकसा पारदर्शक जीव सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सुईसारखे टोकदार बीजाणू त्याच्या आतड्यातून अंगात घुसतात आणि फिरत्या पेशी त्यांना घेरून संपवतात हे त्याने जिवंत प्राण्यात बघितलं, १८८४ मध्ये छापलं. पेशी हरल्या तर प्राणी मरायचा, जिंकल्या तर जगायचा, इतका सरळ हिशोब. १९०८ ला नोबेल मिळालं, एर्लिखबरोबर वाटून.

आईच्या शुगरचं मात्र हलक्यात घेऊ नका. साखर सतत चढी राहिली की न्यूट्रोफिल मंदावतात, जागेवर उशिरा पोचतात आणि गिळलं तरी मारण्यात कमी पडतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी बघितलीच, देशात ४० हजाराच्या वर केसेस, महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यात पुढे, आणि बहुतेक पेशंट डायबेटिसवाले किंवा स्टेरॉईड घेतलेले किंवा दोन्ही. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक नाशकातून मुंबई पुण्याला फोन लावत बसायचे. काखेतला नायटा म्हणजे म्युकर नव्हे, घाबरू नका, पण तिची एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट करून घ्या.

निफाडचा_बागायतदार

आम्ही तर वर्षभर द्राक्षावरच्या भुरी आणि डावणी या रोगांतच असतो, फवारताना सगळं अंगावर येतं. ती बुरशी माणसाला होते का हो? बायको नेहमी विचारते.

एचपीटी_बीएस्सी_ब्याऐंशी

नाही होत. भुरीला जिवंत वेलीच लागतात, आणि डावणी तर शास्त्राप्रमाणे खरी बुरशीच नाही, शेवाळाच्या जवळची जात आहे. तशा बुरशीच्या जाती लाखोंनी, पण माणसाला त्रास देणाऱ्या काही शेच, कारण आपलं ३७ डिग्री अंगच बहुतेकींना झेपत नाही. मास्क घालून फवारा पण, कारण औषधच विषारी. आणि टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही तुमची औषधं आणि दवाखान्यातली इट्राकोनॅझोल एकाच कुटुंबातली, त्यामुळे शेतातल्या अ‍ॅस्परजिलसला त्यांची सवय लागली की माणसाचं औषध पण त्याच्यावर चालेनासं होतं, हे जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

गंगेवरचा_पंत

म्हणजे हळदीचं दूध पण नको?

लॅबवाली_ताई

प्या की काका, झोप चांगली लागेल.

शिफ्टवाले दादा, ती ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरकडे जा, काय लावत होतात ते त्यांना कळू द्या. बहुतेक चट्ट्याच्या कडेची खरवड काढून केओएच टेस्ट सांगतील, कातडी विरघळते आणि बुरशीचे तंतू स्लाइडवर तसेच उरतात, म्हणून जाताना त्या जागेवर मलम पावडर काही लावून जाऊ नका. आईला पण बरोबरच न्या, एकाच घरात दोघांना असलं आणि एकालाच औषध दिलं की परत एकमेकांना लागतं. टॉवेल वेगळे करा आजपासूनच.

सातपूरचा_शिफ्टवाला

शनिवारी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी दोघंही जातो. ताई, कपडे एकाच मशीनमध्ये धुतले तर चालतात का?

लॅबवाली_ताई

तुमचे दोघांचे वेगळे, गरम पाण्यात, आणि उन्हात वाळवा. ऊन नसेल तर इस्त्री मारा, कमरपट्ट्यावर जरा जास्त.