हळदीमुळे आपल्याकडे कॅन्सर कमी? मग अमेरिकेतल्या मराठी बाईने कुठला आकडा धरायचा?

सोलापूरची_लेक (न्यू जर्सी):
वय ४१, माहेर सोलापूर, इथे येऊन १४ वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) लिहून दिलाय. परवा फोनवर दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कशाला ते? स्तनाचा कॅन्सर अमेरिकेत वर्षाला लाख बायकांमागे ९० जणींना, भारतात २६. आपण हळद खातो." ग्लोबोकॅन २०२० मध्ये (जगभरच्या कॅन्सरची आकडेवारी) बघितलं, आकडे खरंच तेवढेच आहेत. मग मी कुठल्या रांगेत उभी राहू? पासपोर्ट अजून भारतीयच आहे :) घरात कुणाला झालेला नाही. एका मावशीला "गाठ" होती म्हणतात, पण आई त्यावर बोलत नाही.

खवचट_पुणेकर:
आमटीत चिमूटभर हळद आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मणभर. दिरांना नमस्कार सांगा.

फिरस्ता (बार्शी):
ताई, बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीच्या कामात मी बरीच वर्षं फिरतीवर होतो. आता घरीच असतो, त्यामुळे उत्तर लांबेल. मुंबईची नोंदणी १९६३ ची, देशातली पहिली. आमची १९८७ ची: बार्शी, परांडा, भूम हे तालुके. गावोगाव जायचं, देवळात नाहीतर शाळेत माणसं गोळा करून लक्षणं समजावायची, कुणाला गाठ, कुणाचं "अंगावरून जातंय" ते हळूच काढून घ्यायचं, तपासायला पाठवायचं. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदवहीत कारण बघावं तर पानभर "वार्धक्य".

दिरांचा आकडा खोटा नाही. पण तो कच्चा आकडा नव्हे, वयाचा हिशेब करून काढलेला आहे. आपला देश तरुण, अमेरिका म्हातारी. तशीच तुलना केली तर आपण उगीच निरोगी दिसू. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि तो एका कल्पित "जागतिक लोकसंख्ये"ला लावतात. ती जपानच्या सेगींनी १९६० मध्ये मांडली, पुढे इंग्लंडच्या डॉल यांनी थोडी बदलली. देशादेशांच्या कॅन्सरच्या दरांची तुलना बहुतेक याच मापाने करतात. म्हणजे सगळं येऊन अडतं ते वयावर.

आणि वय सांगणार कोण? १९९९ साली परांड्याकडच्या एका गावात ओट्यावर एक आजी बसल्या होत्या, बोटाला मिश्री.
"आजी, वय किती?"
"लिही की साठ."
"रझाकाराच्या वेळी केवढ्या होतात?"
"लगीन झालं हुतं. थोरला कडंवर, त्याला घिऊन ज्वारीत लपलो हुतो."
रझाकार म्हणजे १९४८. तेव्हा सतरा धरा. आजी अडुसष्टच्या निघाल्या. कागदावरचा वयोगटाचा रकानाच बदलला. धाकट्या बायांसाठी बहात्तरचा दुष्काळ होता, कोयनेचा भूकंप होता. ज्यांना हे नुसतं गणित वाटतं त्यांनी एकदा माझ्याबरोबर यायला हवं होतं.

आता हळद. बार्शी ते मुंबई एका रात्रीच्या एसटीचं अंतर. हळद तीच. तरी मुंबईत स्तनाच्या कॅन्सरचा दर आमच्या दुपटीहून जास्त, आणि आमच्याकडे बायकांत पहिला नंबर गर्भाशयाच्या मुखाचा. आमच्याकडे काही रुग्ण नोंदीतून निसटले असतील, पण एवढा फरक त्याने पडत नाही. पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी, मुलं किती, अंगावर किती महिने पाजलं, वजन किती, यांनी पडतो. २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून बघितलं: प्रत्येक बाळंतपणामागे धोका साधारण ७ टक्क्यांनी कमी, आणि पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी.

शिवाय हळद जर कॅन्सर अडवत असती तर तोंडाचा आधी अडवला असता, रोज तिथूनच तर आत जाते. आपल्या पुरुषांत तोच सगळ्यात जास्त. तिथे तंबाखूपुढे हळदीचं काही चालत नाही.

तुमच्यासारख्यांचं उत्तर हवाईच्या जपान्यांनी देऊन ठेवलंय. जपानात पोटाचा कॅन्सर फार, स्तनाचा आणि मोठ्या आतड्याचा कमी. माणसं बोटीने हवाईला, कॅलिफोर्नियाला गेली. आतड्याचा कॅन्सर तिकडे गेलेल्या पहिल्या पिढीतच वाढला. पोटाचा मात्र त्यांच्या मुलांत उतरला, कारण त्याचं बी लहानपणीच पोटात पडतं: हेलिकोबॅक्टर नावाचा पोटातला जंतू आणि खारवलेलं खाणं. स्तनाचा वाढायला एखाद-दोन पिढ्या लागल्या. रक्त तेच, गाव बदललं. हेन्झेल आणि कुरिहारा या संशोधकांनी १९६८ मध्ये हे मांडलं. म्हणजे तुम्ही २६ आणि ९० च्या मधे कुठेतरी, तुमची लेक ९० च्या आणखी जवळ. पासपोर्ट कुणी विचारत नाही.

मावशीच्या गाठीचं मात्र आईला नीट विचारा. कुठली गाठ, आणि कितव्या वर्षी.

शुभदा_नाशिक:
पण आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्यांपेक्षा दहा वर्षं आधी होतो ना? सगळीकडे वाचते.

फिरस्ता (बार्शी):
रुग्णांचं सरासरी वय कमी आहे, ते खरं. पण आपल्याकडे तरुण बायकाच जास्त; बाजारात कैऱ्याच जास्त आल्या तर टोपलीतही कैऱ्याच जास्त दिसणार. पस्तिशीच्या लाखभर बायका इथल्या आणि तेवढ्याच तिकडच्या घेतल्या तर आपला दर जास्त नाही.

ओहायोकर:
इथल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ पासून ४० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सांगितलाय. बाई मूळची कुठली ते न बघता. करून टाका.

सोलापूरची_लेक (न्यू जर्सी):
काल आईशी बोलले. आधी "झालं गेलं" म्हणाली. मग मी फिरस्ता काकांसारखं विचारलं, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मावशी कुठे होती? "मुंबईला, दवाखान्यात. डाव्या बाजूची काढली होती. धाकट्याला नुकतं पहिलीत घातलं होतं." मावशी आईपेक्षा दोन वर्षांनी लहान, आई तेव्हा अडतीसची. म्हणजे छत्तीस. मंगळवारची वेळ घेतलीय, डॉक्टरीणबाईंना मावशीचंही सांगणार आहे. दिरांना अजून काही बोलले नाही.