डफचा राग ग्रँट रोडवर कशाला?

चाळकरी: ‘शिवरायांवर विश्वासघाताचा ठपका ठेवणाऱ्या ग्रँट डफचं नाव मुंबईच्या स्टेशनला अजून कसं?’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. आज राहवलं नाही, म्हणून लिहितो. ग्रँट रोड आहे रॉबर्ट ग्रँटच्या नावाने. १८३५ पासून मुंबईचा गव्हर्नर, १८३८ साली दापोडीला वारला. मुंबईत डॉक्टरकीचं शिक्षण सुरू व्हावं म्हणून तो भांडला. तो गेल्यावर टाउन हॉलात सभा भरली, वर्गणी निघाली आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं.

डफ वेगळा. मूळचा जेम्स ग्रँट, १८१८ ते १८२२ साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी. ‘डफ’ मागून जोडलं. त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला, तेव्हा रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर झालाही नव्हता. आणि न्यायमूर्ती रानड्यांनी विद्यार्थी असताना निबंधात मराठेशाहीची बाजू घेतली म्हणून त्यांची शिष्यवृत्ती थांबवणारा एल्फिन्स्टन कॉलेजचा प्रिन्सिपॉल? तो तिसराच, अलेक्झांडर ग्रँट. स्कॉटलंडात ग्रँट म्हणजे आपल्याकडचे पाटील. एका पाटलाचा राग दुसऱ्यावर काढाल का?

सातारकर: तिघेही गोऱ्या सत्तेचेच ना? एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं, कुणाचं काय अडलं? २०२४ साली विधिमंडळाने करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव मंजूर केलं. ग्रँट रोड मात्र राहिलं. गावदेवी म्हणा. देवी गव्हर्नरच्या आधीपासून तिथे आहे.

जेजेवाली: स्टेशनचं काय ते करा, कॉलेजला हात लावू नका. भाऊ दाजी लाड १८५१ साली तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. गावी माझ्या आईला लोक आजही ‘ग्रँटला शिकलेल्या डॉक्टरची आई’ म्हणतात.

खेतवाडी: तुम्ही शिकून निघून गेलात हो. आम्ही तिथे राहतो. बहिणीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. पत्ता ऐकला, ‘ग्रँट रोड म्हणजे कामाठीपुऱ्याजवळ ना?’ म्हणाले आणि नंतर फोनच उचलला नाही. मला नाव बदललेलं हवंय, आणि त्याला रॉबर्टही कारण नाही, डफही नाही.

जेजेवाली: असल्या माणसांनी गावदेवीचा पत्ता ऐकूनही तेच विचारलं असतं. बहीण सुटली म्हणा.

खेतवाडी: हे तुम्ही तिच्या तोंडावर सांगा.

दप्तरी: डफला शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याची पानं उलटली आहेत? साताऱ्याच्या महाराजांकडचे कागद, पेशवे दप्तर, सरदार घराण्यांच्या सनदा त्याने पाहिल्या. त्याआधी मराठ्यांचा असा सलग इतिहास कुणी लिहिला होता?

सातारकर: आमच्याच घरचे कागद घेऊन आम्हालाच लुटारू ठरवलं! अफझलखानाच्या भेटीत दगा शिवाजी महाराजांचा, असं तो लिहितो. पोराचं नाव काय ठेवलं माहीत आहे? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन! ज्या साहेबाने पेशवाई बुडवली त्याचं! तेच पोरगं १८८१ साली मद्रासचं गव्हर्नर झालं. असा माणूस आमचा इतिहास सरळ हाताने लिहील?

दप्तरी: वरिष्ठाचं नाव मुलाला दिलं म्हणून कागद खोटे ठरत नाहीत. अफझलखानाबाबत तो चुकला, हे मीही म्हणतो. पण त्याला खरं उत्तर दिलं नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी. १८६७ साली, कॉलेजात शिकत असताना, पुण्यात निबंध वाचून त्याच्या चुका एकेक करून दाखवल्या. पुढे १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकात बखरी छापल्या जाऊ लागल्या. डफ नसता तर ही ईर्ष्या पेटली असती का?

सातारकर: म्हणजे आता आम्ही त्याचे आभार मानायचे? माझे आजोबा मास्तर होते. डफची टीपणं वर्गात शिकवावी लागायची तेव्हा जेवण जात नसे, असं ते सांगायचे. तुमची पानं उलटा तुम्ही.

दप्तरी: आजोबांबद्दल आदर आहे. पण त्यांनी कीर्तने शिकवले असते तर तुम्ही इतके चिडला नसता.

सातारकर: आजोबांवर जाऊ नका!

चाळकरी: अहो, धागा ग्रँट रोडचा आहे.

सातारकर: बरं. स्टेशनशी डफचा संबंध नाही, हे पटलं. तेवढं वाक्य पुढे पाठवणार नाही. गावदेवीची मागणी मात्र सोडत नाही.

खेतवाडी: मग अर्जावर माझीही सही घ्या. कारण माझं लिहा, डफचं नको.