राजगडावर कुत्रीला पाठपिशवी घालावी का, आणि घालायची तर कोणती?

पायवाट_पुणे

नमस्कार. माझ्याकडे जाई नावाची तीन वर्षांची, २२ किलो वजनाची गावठी कुत्री आहे. ती रोज सकाळी माझ्याबरोबर वेताळ टेकडी चढते आणि तिची प्रकृती उत्तम आहे. डिसेंबरमध्ये तिला पाली दरवाजाच्या वाटेने राजगडावर न्यावे आणि तिचे पाणी व खाणे तिच्याच पाठीवर असावे, असा माझा विचार आहे. दुकानात दोन प्रकार दिसले: एकात दोन्ही बाजूंच्या पिशव्या पट्ट्यांना कायमच्या शिवलेल्या होत्या, तर दुसऱ्यात अंगात घालायचे जाकीट वेगळे आणि त्यावर अडकवायच्या पिशव्या वेगळ्या. मापे मात्र दोन्हींवर केवळ कुत्र्याच्या वजनानुसार लिहिलेली होती. मित्राची पिशवी उसनी घेऊन पाचेक किलोमीटर चाललो, तेव्हा जाईच्या पुढच्या पायाच्या काखेत केस घासले जाऊन कातडी लाल झाली. तेव्हापासून मला अपराधी वाटत आहे. कोणती पिशवी घ्यावी, ओझे किती असावे आणि मुळात तिच्यावर ओझे घालणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळकडा

काख सोलवटली, यात दोष बहुधा मापाचा आहे. वजनावरून ठरवलेल्या मापावर विसंबू नका, कारण २२ किलोचे लॅब्राडॉर आणि २२ किलोचे गावठी कुत्रे यांच्या छातीच्या घेरात बराच फरक असतो. शिंप्याची टेप घ्या आणि पुढच्या पायांच्या मागे, जिथे छाती सर्वांत रुंद असते, तिथला घेर मोजा; तोच आकडा पिशवीच्या तक्त्याशी ताडून पाहा. छातीखालून जाणारा पट्टा काखेत रुतता कामा नये, तो कोपरापासून तीनचार बोटे मागे असावा. पुढचा पट्टा गळ्यावर नव्हे, तर छातीच्या हाडावर टेकला पाहिजे. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे सपाट जावीत, त्याहून अधिक सैल ठेवू नये. लोक दयेपोटी पट्टे सैल सोडतात आणि नेमके त्यामुळेच कातडे घासले जाते.

बैलाच्या किंवा घोड्याच्या पाठीवरची कंठाळ, म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडगोणी, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. इथेही तत्त्व तेच आहे. भार दोन्ही बाजूंना सारखा हवा आणि तो पुढे, खांद्यांच्या मागच्या बरगड्यांवर यायला हवा. पिशवी मागे सरकून कमरेवर आली, तर त्या भागाला बरगड्यांचा आधार नसल्याने सगळा भार कण्यावर पडतो. प्रकारांपैकी मी निःसंकोचपणे सुट्या पिशव्यांचा प्रकार सुचवेन. अवघड टप्प्यावर किंवा विश्रांतीच्या वेळी पिशव्या काढून घेता येतात आणि जाकीट अंगावरच राहते.

प्राणिवैद्य_सातारा

व्यवसायाने मी पशुवैद्य आहे, म्हणून ओझ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. निरोगी, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला सरावानंतर शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत भार द्यावा, असे मी सांगतो. पंचवीस टक्क्यांचा आकडा अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. मात्र तो कसलेल्या कुत्र्यांसाठीची कमाल मर्यादा म्हणून दिलेला असतो आणि सह्याद्रीच्या उन्हात व चढणीवर मी तो कोणालाही सुचवणार नाही. जाईच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे २.२ किलो, आणि पिशवीचे स्वतःचे वजनही त्यातच धरायचे. पिशवी ७०० ग्रॅमची असेल, तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि थोडे कोरडे खाणे एवढ्यातच मर्यादा जवळपास संपते. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडे पूर्ण वाढायला दीड वर्षापर्यंतचा काळ लागतो. तोवर भार देऊच नये. म्हातारी, स्थूल, सांध्यांचे किंवा कण्याचे दुखणे असलेली कुत्रीही यातून वगळावीत.

मला ओझ्यापेक्षा उष्णतेची चिंता अधिक वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते, आणि पाठीवर जाड कापड असले की उष्णता अडकते. थांबूनही धाप कमी होत नसेल, लाळ घट्ट व चिकट झाली असेल, हिरड्या गडद लाल दिसत असतील किंवा चाल अडखळत असेल, तर पिशवी ताबडतोब उतरवा, सावलीत नेऊन पोट, काखा व पाय साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. ४१ अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान जिवावर बेतू शकते. विश्रांतीच्या वेळी २२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे सव्वा लिटर पाणी लागते, चढाईत त्याहून बरेच जास्त. म्हणून निदान दीड लिटर जास्तीचे पाणी तुमच्या पाठीवर असू द्या.

एक कळकळीची विनंती आहे. बेदाणे घातलेला चिवडा, कांदा आणि चॉकलेट तिला देऊ नका, आणि आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर कधीही नाही. ही सर्व कुत्र्यांना विषारी आहेत.

लातूरकर_कारवान

माझ्याकडे कारवान जातीचा कुत्रा आहे. छाती खोल आणि पोट आत ओढलेले, अशा त्याच्या बांध्यामुळे पहिली पिशवी दर शंभर पावलांनी मागे घसरत असे. छातीवरून आडवा जाणारा रुंद पट्टा असलेली पिशवी घेतल्यावरच ती स्थिर झाली. आपली जाईही सडपातळ असेल, तर हा पट्टा आधी पाहा.

सवय लावताना घाई करू नये. पहिला आठवडा रिकामी पिशवी घरातच दहा मिनिटे, पुढचा आठवडा नेहमीच्या फेरीत, मग दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या आणि त्यानंतरच खरे वजन, अशा क्रमाने मी महिनाभर घेतला. रिकाम्या पिशवीनेही कुत्र्याची रुंदी वाढते. हे त्याला उमगेपर्यंत ते झुडपांत आणि दारांत अडकते. पाण्याच्या बाबतीत माझी सुरुवातीची चूक अशी झाली की, मी एकच बाटली संपवली आणि पिशवी एका अंगाला कलली. तेव्हापासून दोन्ही बाटल्यांतून आळीपाळीने थोडे थोडे पाणी देतो.

मावळतीचा_वाटसरू

वरील सर्व सल्ले उपयुक्त आहेत, परंतु उतरणीचा विचार कोणी मांडला नाही. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार एरवीही पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी पुढे झुकतो आणि पिशवी त्यात भर घालते. त्यामुळे गड उतरताना पिशव्या मी स्वतःच्या सॅकमध्ये टाकतो. जाकिटाच्या पाठीवरील मुठीने कुत्र्याला लोंबकळत उचलू नये. एक हात छातीखाली हवाच.

पाली दरवाजाची वाट आपण योग्य निवडली आहे, कारण गुंजवण्याहून चोर दरवाजाने जाताना शेवटी कातळावर रेलिंग धरून चढावे लागते. बालेकिल्ल्याचा चढही तसाच असल्याने जाईसोबत कोणीतरी पद्मावती माचीवर थांबावे. कातळ तापला आहे का, हे हाताची पालथी बाजू पाचसात सेकंद टेकवून पाहावे; आपल्याला सोसवत नसेल, तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

पुढे कधी हरिश्चंद्रगड, रतनगड किंवा वासोट्याचा विचार मनात आला, तर तो सोडून द्यावा ही विनंती. पहिले दोन अभयारण्यात आणि वासोटा व्याघ्र प्रकल्पात येतो. पाळीव कुत्र्यांमुळे तेथील वन्यजीव बिथरतात आणि डिस्टेंपरसारखे रोग त्यांच्यात पसरू शकतात. इतरत्रही दोरी सोडू नका. गडांच्या पायथ्याशी शेळ्यामेंढ्या चरत असतात, आणि बिबट्याचा वावर असलेल्या भागात कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य असते.

पायवाट_पुणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल जाईचा घेर मोजला, तो ६४ सेंटिमीटर भरला. उसनी पिशवी ७५ सेंटिमीटरच्या पुढच्या घेराची होती, हे आता लक्षात आले. काखेतली जखम पूर्ण भरेपर्यंत तिला काहीही घालणार नाही. त्यानंतर छातीवर पट्टा असलेले जाकीट व सुट्या पिशव्या घेऊन महिनाभर टेकडीवर सराव करू, आणि तो पूर्ण झाला नाही तर डिसेंबरमध्ये तिचे पाणी मीच वाहीन.